रांग वेगळी लागते ती भाषेमुळे की देशामुळे?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबावर तुम्ही मित्रांनी मिळून पावणेदोन तासांचा चित्रपट केला आहे. त्यात घरात तेलुगू, कारखान्यात दखनी आणि रस्त्यावर आपली सोलापुरी मराठी बोलली जाते. परदेशी पुरस्कारांत अशा चित्रपटांना सावत्र वागणूक मिळते, त्यांची रांगच वेगळी असते आणि भारतातून निवड झाली नाही तर तेवढीही जागा उरत नाही, असे कुणीतरी तुम्हाला सांगितले आहे. त्यामुळे अंतिम संकलनापूर्वी काही संवाद इंग्रजीत करून घ्यावेत का, असे तुम्ही विचारता. या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो: करू नका. कारण ओघात येईल.

मी गेली एकोणीस वर्षे सोलापुरात बसून मराठी, कन्नड आणि तेलुगू चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स करतो आणि महोत्सवांसाठी, पुरस्कारांसाठी प्रवेशिका तयार करून देतो. मी परीक्षक नव्हे, दाराबाहेर बसून लोकांचे अर्ज नीट भरून देणारा माणूस आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या जागेवरून दिसते तेवढेच आहे असे धरून वाचावे. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: चित्रपट कोणत्या भाषेत आहे, तो कोणत्या देशाचा आहे आणि तो कुठे प्रदर्शित झाला आहे. प्रत्येक पुरस्कार यांपैकी वेगळीच गोष्ट मोजतो आणि नाव मात्र सगळे जण 'परदेशी' किंवा 'परभाषिक' असे एकच देतात. बहुतेक गैरसमज तिथून सुरू होतात.

फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांचे उदाहरण घ्या. २०१५ साली तिथे सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा मान 'मॉमी' या कॅनडातील क्वेबेकच्या चित्रपटाला मिळाला आणि तो चित्रपट फ्रेंच भाषेतच आहे. म्हणजे तिथे परकेपणा देशावरून ठरतो, भाषा तीच असली तरी. ब्रिटनच्या बाफ्टामध्ये याच्या उलट 'इंग्रजीत नसलेला चित्रपट' असा गट आहे. तिथे भाषा मोजतात. ऑस्करमध्ये भाषा आणि देश दोन्ही मोजतात, आणि सर्वाधिक गुंता म्हणूनच तिथे होतो.

ऑस्करचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून वागणुकीचा स्वभाव कळतो. १९४७ ते १९५५ या वर्षांतल्या परभाषिक चित्रपटांना स्पर्धा नव्हती. एखाद्या चित्रपटाला खास सन्मान दिला जाई, आणि १९५३ साली तोही दिला गेला नाही. 'बायसिकल थीव्हज'ला असा सन्मान मिळाला. त्याच चित्रपटाला लंडनमध्ये ब्रिटिश अकादमीने सगळ्यांच्या रांगेत उभे करून सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले होते. स्पर्धेचा स्वतंत्र गट ऑस्करने १९५६च्या चित्रपटांपासून सुरू केला आणि पुढच्याच वर्षी आपला 'मदर इंडिया' नामांकनात आला. गटाचे नाव २०१९ साली बदलले. 'परकीय' हा शब्द आता जुनाट वाटतो असे म्हणून 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' असे नवे नाव ठेवले गेले. नाव बदलले, अट मात्र तीच राहिली: निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत हवेत.

त्या अटीचा फटका त्याच वर्षी नायजेरियाला बसला. त्या देशाने पहिल्यांदाच पाठवलेला 'लायनहार्ट' हा चित्रपट बाद झाला, कारण सुमारे दीड तासाच्या त्या चित्रपटात इग्बो भाषेतले संवाद जेमतेम अकरा मिनिटांचे होते आणि बाकी सगळे इंग्रजीत. नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे, तिथले लोक एकमेकांशी असेच बोलतात, ही तक्रार रास्त होती; पण मोजपट्टी ती मोजपट्टी. इस्रायलचा 'द बँड्स व्हिजिट' त्याआधी याच कारणाने बाद झाला होता. त्यात इजिप्शियन आणि इस्रायली पात्रे एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, कारण तीच त्यांची एकमेव सामाईक भाषा आहे. आता इंग्रजी संवाद घालण्याचा तुमचा विचार पुन्हा तपासून पाहा. दहा-पंधरा मिनिटांच्या इंग्रजीने तुमचा चित्रपट बाद होणार नाही हे खरे, पण अशोक चौकातल्या मागावर बसलेला माणूस इंग्रजीत बोलू लागला तर तो कुणासाठी बोलतो आहे हे लंडनच्या प्रेक्षकालाही कळेल.

भाषेपेक्षा अधिक अडवणारी गोष्ट देशाची आहे, आणि यावर थोडे थांबतो. ऑस्करच्या या गटाची आजवरची रीत अशी की एका देशाने एका वर्षी एकच चित्रपट पाठवायचा, तो त्या देशाच्या मान्यताप्राप्त निवड समितीने निवडायचा, आणि पुरस्कारही देशाच्या नावाने दिला जात आला आहे. दिग्दर्शक तो देशाच्या वतीने स्वीकारत आला आहे. अलीकडच्या वर्षांत ऐंशी-नव्वद देश चित्रपट पाठवतात, त्यातून पंधरांची लघुयादी आणि मग पाच नामांकने निघतात. आइसलँड आणि भारत या दोघांनाही प्रत्येकी एकच जागा. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. निर्मात्याने शुल्क भरून अर्ज करायचा आणि समितीने चित्रपट पाहून एक नाव ठरवायचे. एवढ्या भाषांच्या देशाला एका नावात बसवणे हेच मुळात अवघड आहे, त्यामुळे दर वर्षी निवडीवरून वाद होतो आणि मला त्याचे नवल वाटत नाही. आजवर भारताला नामांकने मिळाली ती तीनच: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. मराठीतून पाठवले गेलेले चित्रपटही तीन: २००४चा 'श्वास', २००९चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि २०१५चा 'कोर्ट'. 'श्वास'च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. निवड झाली म्हणजे काम झाले असे नसते. मतदारांनी चित्रपट पाहावा यासाठी तिथे पैसा आणि माणसे लागतात, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला पहिल्यांदा समजले.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरणही आहे. करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेला 'सैराट' २०१६ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्या वर्षी भारताने ऑस्करला तमिळ 'विसारणै' पाठवला. 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला; त्या वर्षी मल्याळम 'जल्लीकट्टू' गेला. यात कुणाचा दर्जा कमी होता असे मी म्हणत नाही. जागा एक असली की दुसरा चांगला चित्रपट बाहेर राहतोच.

देश आणि भाषा यांची सांगड पूर्वी याहून घट्ट होती. आसिफ कपाडिया यांचा 'द वॉरियर' हा इरफान खान यांची प्रमुख भूमिका असलेला ब्रिटिश चित्रपट हिंदीत होता. हिंदी ही ब्रिटनची भाषा नाही म्हणून ब्रिटनला तो ऑस्करच्या गटात पाठवता आला नाही, आणि घरी मात्र त्याच चित्रपटाला बाफ्टाने सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट ठरवले. २००५ साली इटलीचा 'प्रायव्हेट' असाच नाकारला गेला, कारण त्यातली पात्रे इटालियन बोलत नव्हती. त्यानंतर हा नियम काढून टाकण्यात आला, आणि लगेच दीपा मेहता यांचा 'वॉटर' हा हिंदी चित्रपट कॅनडाच्या नावाने नामांकनात आला. २०२४ साली ब्रिटनने 'संतोष' हा हिंदी चित्रपट पाठवला आणि तो पंधरांच्या लघुयादीपर्यंत पोहोचला. म्हणजे हिंदी बोलणारा चित्रपट आता कॅनडाचा किंवा ब्रिटनचा असू शकतो. तेलुगू-मराठी-दखनी बोलणारा तुमचा चित्रपटही उद्या एखाद्या सहनिर्मात्यामुळे दुसऱ्या देशाच्या रांगेत उभा राहू शकेल, मात्र त्यासाठी त्या देशाचा सर्जनशील सहभाग खरोखर असावा लागतो. नुसता कागदोपत्री भागीदार चालत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: भारतातून निवड झाली नाही तर दार बंद होते का? आजवरच्या रीतीने त्या गटाचे बंद होते, ऑस्करचे होत नाही. हा फरक फार थोडे निर्माते लक्षात घेतात. चित्रपट लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क यांसारख्या ठरवून दिलेल्या महानगरांपैकी एकात किमान सलग सात दिवस चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवला आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर तो भाषा कोणतीही असली तरी पटकथा, छायाचित्रण, अभिनय, संगीत अशा सर्वसाधारण गटांत उतरू शकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटासाठी २०२४पासून याहून अधिक शहरांत प्रदर्शन लागते. २०२२ साली भारताने गुजराती 'छेल्लो शो' पाठवला, तेलुगू 'आरआरआर' पाठवला नाही. तरीही मार्च २०२३मध्ये 'नाटू नाटू'ला सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर मिळाले, कारण अमेरिकेतल्या वितरकांनी तो चित्रपट सर्वसाधारण दारातून आत नेला होता. त्या सकाळी आपल्या पूर्व भागात काय आनंद झाला होता हे तुम्हाला मी सांगायला नको. फ्रान्सनेही २०२३ साली 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' पाठवला नव्हता, आणि त्याच चित्रपटाने पाच नामांकने मिळवून मूळ पटकथेचा पुरस्कार घेतला.

अभिनय आणि पटकथेच्या गटांना भाषेचे वावडे पूर्वीही नव्हते. सोफिया लॉरेन यांना १९६०च्या इटालियन चित्रपटातील भूमिकेसाठी अभिनेत्रीचा मुख्य पुरस्कार मिळाला होता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य मानासाठी मात्र फेब्रुवारी २०२० उजाडावे लागले. 'पॅरासाइट' हा तो मान मिळवणारा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला पहिला चित्रपट, आणि त्याच रात्री त्याला आंतरराष्ट्रीय गटाचाही पुरस्कार मिळाला. वेगळी रांग म्हणजे मुख्य रांगेतून हकालपट्टी नव्हे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. पण सलग सात दिवस अमेरिकेत चित्रपटगृह मिळणे, मतदारांपर्यंत पोहोचणे आणि त्यांनी चित्रपट खरोखर पाहणे यांचा खर्च तुमच्या निर्मितीखर्चाहून अधिक होऊ शकतो. तिथला वितरक मिळाला तरच हे दार तुमच्यासाठी उघडे आहे असे समजा. नाही तर ते उघडे असूनही लांब आहे.

अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिथे पूर्वी परभाषिक चित्रपटाला मुख्य गट बंदच होता, आणि २०२१ साली 'मिनारी' हा अमेरिकेत घडलेला, अमेरिकी दिग्दर्शकाचा, पण बराचसा कोरियन बोलणारा चित्रपट परभाषिक गटात ढकलला गेल्यावर इतकी टीका झाली की त्याच वर्षी नियम बदलला. बाफ्टाची रीत मला तुलनेने सरळ वाटते. तिथे देशाने पाठवण्याची अट नाही, ब्रिटनमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला पाहिजे एवढेच. म्हणून मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' भारताने ऑस्करला पाठवला नाही तरी बाफ्टाच्या नामांकनात आला. महोत्सवांच्या स्पर्धेत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. फ्रान्सच्या कान महोत्सवात सगळे एका रांगेत असतात, आणि अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात अमेरिकी व जागतिक अशी विभागणी असली तरी त्या जागतिक विभागात २०२५ साली 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

'सावत्र वागणूक' हा तुमचा शब्द मी मुद्दाम इथवर बाजूला ठेवला होता. आपल्या घरी काय आहे ते पाहा. मुंबईचे सर्वांत गाजलेले व्यावसायिक पुरस्कार हिंदीचे वेगळे, मराठीचे वेगळे, दक्षिणेचे वेगळे. मराठी अभिनेत्रीने कितीही उत्तम काम केले तरी ती हिंदीच्या मंचावर त्या भूमिकेसाठी उभी राहत नाही, आणि त्याबद्दल आपण कधी लेख लिहिले नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांची रचना मला अधिक न्याय्य वाटते. तिथे प्रत्येक भाषेचा स्वतंत्र पुरस्कार आहे आणि सगळ्या भाषांसाठी सुवर्णकमळही आहे. पहिल्याच वर्षी, १९५४ साली, 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुढे 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला, आणि 'देऊळ'ने तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतही नसलेल्या ब्यारी भाषेतल्या चित्रपटाबरोबर वाटून घेतला. वेगळी रांग आणि सामाईक रांग या दोन्ही एकत्र असल्या तर वेगळ्या रांगेचा अपमान वाटत नाही, उलट लहान भाषेला तिचा आधार होतो. एकटी वेगळी रांग असली तर मात्र ती कुंपण होते.

आतापर्यंतचे थोडक्यात असे की तुमच्यापुढे भाषेची अडचण कमी आहे, देशाच्या एका जागेची मोठी आहे आणि खर्चाची सर्वांत मोठी. यांतले पहिले तेवढे तुमच्या आणि माझ्यासारख्याच्या हातात आहे, आणि तिथेच बहुतेक चित्रपट हरतात, असा माझा अनुभव आहे.

मतदार किंवा परीक्षक तुमचा चित्रपट पाहत नाही, तो निम्मा वेळ पडद्याच्या तळाशी वाचत असतो. दोन ओळी, एका ओळीत साधारण बेचाळीस अक्षरे, आणि डोळ्यांना वाचायला पुरेल एवढा वेळ, या चौकटीत सगळे बसवावे लागते. तुमच्या चित्रपटात आई मुलाला तेलुगूत विचारते, मालक दखनीत विचारतो आणि चौकातला मित्र "काय करलालास बे?" असे विचारतो; इंग्रजीत तिन्ही ठिकाणी तेच चार शब्द येतात. जो मुलगा दिवसातून तीन वेळा भाषा बदलतो, तो इंग्रजी वाचणाऱ्याला एकाच भाषेत जगणारा वाटतो, आणि मग हा चित्रपट कशाबद्दल आहे हेच त्याला कळत नाही. यासाठी मी तीन भाषांना तीन वेगळ्या खुणा देतो: एक सरळ अक्षरांत, एक तिरक्या अक्षरांत, आणि तिसरी, जी सर्वांत कमी येते, तिच्या आधी भाषेचे नाव. रंग वापरत नाही. चित्रपटगृहात रंग डोळ्यांत येतात आणि काही परीक्षक घरच्या लहान पडद्यावर पाहतात.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटात मी 'अक्का' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला होता, आपली चव राहावी म्हणून. त्यात मोठ्या बहिणीलाही अक्का म्हणत आणि शेजारच्या बाईलाही. एका महोत्सवाच्या परीक्षणात शेरा आला की दोन स्त्रियांचे नाव एकच असल्याने कथा समजत नाही. शेरा लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. तेव्हापासून नात्याचा शब्द पहिल्यांदा येतो तिथे मी तो आणि त्या बाईचे नाव जवळच्या दोन ओळींत आणतो, आणि नंतरच मोकळा वापरतो. 'अहो' आणि 'तू' यांचेही असेच. भांडणात बायको नवऱ्याला 'अहो' सोडून 'तू' म्हणते तेव्हा मराठी प्रेक्षक दचकतो. इंग्रजीत काहीच घडत नाही. तिथे मी तिच्या तोंडी नवऱ्याचे नाव घालतो, कारण त्याआधी दीड तासात तिने ते एकदाही घेतलेले नसते.

तुमच्या बाबतीत मी करीन ते असे. आधी संपूर्ण चित्रपटाच्या संवादांचा तक्ता करा: कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत कोणती भाषा, कोण कोणाशी बोलतो. त्यावरून मुख्य भाषा कोणती हे नक्की करा, कारण सेन्सॉर प्रमाणपत्रावर ती लिहावी लागते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तीच लिहिलेली बरी. एका ठिकाणी मराठी आणि दुसऱ्या ठिकाणी तेलुगू असे झाले की पत्रव्यवहारात महिने जातात. त्यानंतर महोत्सव, मग प्रदर्शन, मग पुरस्कार, हा क्रम सहसा सोयीचा पडतो, पण तुमचे पैसे कुठून येतात यावर तो बदलेल. प्रदर्शनाची तारीख ठरवण्यापूर्वी त्या वर्षीची ऑस्करची नियमावली आणि फेडरेशनची सूचना, दोन्ही प्रत्यक्ष वाचा. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात आणि माझे हे उत्तर पुढच्या वर्षी काही ठिकाणी जुने झालेले असू शकते. प्रदर्शन एखाद्या आठवड्याने मुदतीबाहेर गेल्यामुळे पूर्ण वर्ष थांबलेले दोन निर्माते मी पाहिले आहेत.

तो तक्ता तयार झाला की मला पाठवा. मागावरच्या दृश्यांत यंत्रांच्या आवाजाखाली संवाद किती ऐकू येतात तेही त्यात लिहा, कारण मराठी प्रेक्षकाला जे ऐकू आले नाही ते इंग्रजी वाचणाऱ्याला वाचायला द्यायचे की नाही, हे आपल्याला प्रत्येक दृश्यात बसून ठरवावे लागेल.